पायपेटीची लय

बुऱ्हाणपूरकडच्या खकनारला पाऊस लागला की आमची पायपेटी बसते. पट्टी दाबली तरी सूर उशिरा बोलतो, काही पट्ट्या तर दाबल्या की तशाच खाली राहतात. म्हणून तिच्यावर वाजवायचं ते दिवाळीनंतर, सातपुड्याकडून कोरडं वारं सुटल्यावर. आजोबांनी ती जळगावहून जुनीच आणलेली. 'मानापमान', 'स्वयंवर'ची पदं ज्या काळात रंगभूमीवर आली, त्या काळच्या वाद्यावर ती कशी लागतात, हे मी तिच्यावर शोधत असतो.

दुरुस्तीसाठी आधी मागची फळी काढायची. सूर म्हणजे पितळेची छोटी चौकट आणि तिच्या खाचेत थरथरणारी जीभ. एकेक सूर हुकानं ओढून मऊ ब्रशनं झाडायचा. जिभेखाली धुळीचा कण अडकला तरी तो मुका होतो. भात्याची चीर कानानं शोधावी लागते. पायाखालच्या फळ्या दाबून थांबलं की जिथं फुसफुसतं, तिथं पातळ चामड्याचा तुकडा सरसानं चिकटवायचा. कानस मात्र लावायची नाही. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, पण गेलेला धातू परत येत नाही. पूर्वी एका कारागिरानं आमचे तीन सूर आजच्या पट्टीत आणण्यासाठी घासले. ते तिन्ही आजही किरटे बोलतात. तेव्हापासून मी पेटी तानपुऱ्याला जुळवत नाही, इलेक्ट्रॉनिक तानपुराच पेटीला जुळवतो.

हातपेटीवर एक हात भात्यात गुंततो. इथं भाता पायांकडे, दोन्ही हात मोकळे. उजव्या हातात पद, डाव्यात खर्जाचा षड्ज-पंचम. शिवाय या पेटीत हवा सुरांतून बाहेर फेकली जात नाही, आत ओढली जाते, त्यामुळे आवाज बोचत नाही. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन, म्हणजे पायपेटीच, आणि सारंगी असे. ऑर्गन का, ते वाजवताना कळतं. सूर तुटत नाही, गळ्याच्या खाली सतरंजीसारखा पसरून राहतो.

पण खर्जाचे जाड सूर बोलायला वेळ घेतात, आणि माझी खरी शिकवणी तिथं झाली. 1911 च्या 'मानापमान'मधलं एक पद मी वर्षानुवर्षं हातपेटीवर दामटत आलो होतो. पायपेटीवर तीच लय धरली तर डावा हात मागे पडला, तानेतले सूर एकमेकांत मिसळले. लय उतरवली, पुन्हा उतरवली. मग त्या चालीतली ठुमरीची वळणं उघडी झाली. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि ते स्वतः मोठे पेटीवादक. ओळ संपताना पाय जरा सैल पडतात. गाणाऱ्याचा श्वासही नेमका तिथंच येतो. ही पदं आज आपण फार पळवतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

जुनं संगीत त्याच्या काळच्या वाद्यावर कसं लागतं, हा शोध तिकडे युरोपात मोठ्या प्रमाणावर चालतो. वॉर्सात 2018 साली पोलिश संगीतकार शोपँच्या संगीताची जुन्या पियानोंवरची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्याच्या काळच्या प्लेयेल पियानोवरची, त्यानं विशीत रचलेली नॉक्टर्न मी मोबाइलवर ऐकली आहेत. त्या पियानोचा सूर लवकर विरतो. म्हणून शोपँनं लिहून ठेवलेलं लांब पेडल, जे आजच्या दणकट पियानोवर गढूळ होतं, तिथं स्वच्छ राहतं. त्यानं लिहिलं होतं ते बरोबरच होतं, वाद्य बदललं होतं. ते ऐकून मी आमच्या पेटीपाशी जास्त वेळ बसू लागलो.

खानदेशात, वऱ्हाडात, इकडे बुऱ्हाणपूरकडे कुणाच्या माळ्यावर अशी पायपेटी पडून असेल तर ती भंगारात घालू नका. दुरुस्तीला द्याल तेव्हा सुरांना कानस लावू देऊ नका. भात्याला चामडं लावून घ्या आणि एखादं जुनं पद तिच्यावर सावकाश वाजवून पाहा.