मगर धोक्यात आहे, पण कोणती?

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत एक नाव असं आहे, की त्या प्राण्याला स्वतःला काहीच धोका नाही. ते नाव अमेरिकन अ‍ॅलिगेटरचं. 1967 मध्ये तो यादीत गेला तेव्हा कारण खरं होतं, कातड्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली होती. 1987 मध्ये ही प्रजाती पूर्ण सावरल्याचं सरकारनेच जाहीर केलं, पण नाव काही पुसलं नाही. कारण म्हणून नोंद केली ‘दिसण्यातलं साधर्म्य’. सोलून, कमावून, रंगवून झालं की भरपूर संख्येने असलेल्या अ‍ॅलिगेटरचं कातडं आणि शे-दोनशेवर आलेल्या एखाद्या मगरीचं कातडं यांत बंदरावरच्या अधिकाऱ्याची गल्लत होऊ शकते, आणि तस्कराला तेवढीच फट पुरते. मगरींच्या व्यापाराविषयी आपल्याकडे जे बोललं जातं त्यात ही गोष्ट सहसा येत नाही. मगर म्हणजे एकच प्राणी आणि तो सगळीकडे संपत आला आहे, असं धरून आपण चालतो. प्रत्यक्षात मगर, अ‍ॅलिगेटर, केमन आणि घडियाल मिळून या कुळात पंचवीसहून अधिक प्रजाती आहेत. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास आज सुस्थितीत आहेत, तर सात प्रजाती अतिसंकटग्रस्त गणल्या जातात. तेव्हा ‘मगरी वाचवा’ म्हणण्याआधी कोणती मगर आणि कुठल्या पाण्यातली, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर नसेल तर कायदा, बंदी आणि कळवळा हे तिन्ही वाया जातात.

मगरी सगळ्या सारख्याच दिसतात, हा पहिला गैरसमज. जिवंत मगर समोर असेल तर तो दूर व्हायला वेळ लागत नाही. मगरीने तोंड मिटलं तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसत राहतो, अ‍ॅलिगेटरचा तोच दात वरच्या जबड्यातल्या खोबणीत लपतो. भारतात तीनच प्रजाती आहेत. घडियालचा लांब, निमुळता जबडा दुसऱ्या कुणाशी जुळत नाही आणि पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा गोळा असतो. उरलेल्या दोघींमध्ये, गोड्या पाण्यातल्या मगरीच्या डोक्याच्या लगेच मागे मोठ्या खवल्यांची एक ओळ असते आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरीत ती बहुधा नसतेच. गोव्यात मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात भरतीचं खारं पाणी चढतं, म्हणून तिथली मगर खाऱ्या पाण्यातली, असं पुष्कळांना वाटतं. ती गोड्या पाण्यातलीच प्रजाती आहे, कृष्णेत आणि वाशिष्ठीत दिसते तीच. मचूळ पाणी तिला चालतं, इतकंच. खाऱ्या पाण्यातली मगर भारतात आता ओडिशातलं भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणी उरली आहे. पाणी पाहून प्राणी ठरवायची सवय किती फसवी असते, याचं याहून जवळचं उदाहरण शोधायला नको.

खरी अडचण प्राण्याचं कातडं झाल्यावर सुरू होते. तरी पोटाच्या बाजूचं कातडं भिंगाखाली धरलं तर ते पुष्कळ काही सांगतं. मगरीच्या पोटावरच्या जवळपास प्रत्येक खवल्यात, मागच्या कडेला, सुईने टोचल्यासारखा एक बारीक ठिपका दिसतो. पाण्यातली हालचाल टिपणारं ते संवेदनांग आहे. अ‍ॅलिगेटर आणि केमनमध्ये ही अंगं फक्त जबड्याभोवती असतात, त्यामुळे त्यांचं पोट बिनठिपक्यांचं. अ‍ॅलिगेटरच्या कातड्यावर पोटाच्या मधोमध नाळेची खूण राहते, तिच्याभोवतीचे खवले कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले असतात. केमनच्या पोटाच्या खवल्यांतही हाडाच्या चकत्या असतात. कमावल्यावर त्यांच्या जागी खडबडीत खळगे उमटतात आणि म्हणूनच त्या कातड्याला भाव कमी. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचे पोटावरचे खवले बारीक आणि ओळी भरगच्च, म्हणून महागड्या पर्स बनवणाऱ्यांची पहिली पसंती तिला. गायीच्या कातड्यावर ठसा मारून केलेली नक्कल पकडायला भिंगही लागत नाही, कारण साच्याची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा तीच येते. पण या खुणांना मर्यादा आहे. त्या मगर की केमन हे खात्रीने सांगतात, मगरींमधली नेमकी कोणती हे दर वेळी सांगत नाहीत. घड्याळाच्या पट्ट्याएवढा तुकडा असेल, वर घोटून चकाकी आणलेली असेल, तर अनुभवी डोळाही थबकतो.

अशा वेळी डीएनए तपासला की झालं, असं वाटणं साहजिक आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत अशा न्यायवैद्यक तपासण्या होतात आणि त्यांचा खटल्यांत मोठा आधार मिळतो. पण डीएनए सगळी कोडी सोडवतो, हाही गैरसमजच. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्रोमियमचे क्षार डीएनएचे तुकडे करतात. नमुना बरा निघाला तरी तो ज्याच्याशी ताडून पाहायचा तो संदर्भसंच आधी हवा, आणि तो तयार करताना प्रजातींची जुनी यादीच चुकीची निघण्याची शक्यता असते. आफ्रिकेत तसंच झालं. नाईल नदीच्या नावाने ओळखली जाणारी मगर आफ्रिकेत सगळीकडे एकच, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इजिप्तमधल्या मगरींच्या ममींचाही डीएनए तपासला गेला आणि पश्चिम आफ्रिकेतली मगर वेगळीच प्रजाती असल्याचं स्पष्ट झालं. एवढंच नव्हे, तर नाईल मगरीचं जवळचं नातं शेजारच्या या मगरीशी नसून अटलांटिकपलीकडच्या अमेरिकी मगरींशी निघालं. गंमत म्हणजे ही वेगळी प्रजाती आहे असं फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एतिएन जोफ्रॉय सेंट-इलेर यांनी 1807 मध्येच म्हटलं होतं, पुढच्यांनी ते मनावर घेतलं नाही. व्यापाराच्या दृष्टीने हा तपशील साधा नाही. दोन प्रजातींची डोकी एकत्र मोजली की भरपूर असलेलीच्या आडोशाला दुर्मीळ असलेली संपत जाते आणि कागदावर आकडा ठीक दिसत राहतो.

आता सगळ्यात लोकप्रिय समजाकडे वळू. व्यापार म्हणजे विनाश, तेव्हा तो सरसकट बंद करा. इतिहास या समजाच्या अर्ध्या भागाला दुजोरा देतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-अडीच दशकांत कातड्याच्या बेबंद व्यापाराने मगरींची खरोखर दैना केली. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 1973 चा सायटीस करार 1975 मध्ये अमलात आला आणि आज या कुळातली प्रत्येक प्रजाती त्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहे. पहिल्यात असलेल्यांचा रानातून आणून व्यापार बंद, दुसऱ्यात असलेल्यांचा नियंत्रणाखाली चालू. पुढचा अर्धा भाग मात्र पुराव्यावर टिकत नाही. लुईझियाना राज्याने 1962 मध्ये अ‍ॅलिगेटरची शिकार थांबवली आणि 1972 मध्ये मोजूनमापून पुन्हा सुरू केली. त्या वेळी तिथे एक लाखही अ‍ॅलिगेटर नव्हते, आज वीस लाखांच्या घरात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत 1971 मध्ये शिकार बंद झाली तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या सुमारे तीन हजार मगरी उरल्या होत्या, आता त्या लाखाच्या आसपास आहेत. दोन्हीकडे मुख्य भर अंडी गोळा करण्यावर आहे. दलदलीतल्या जमिनीच्या मालकाला अंड्यांचे पैसे मिळतात, अंडी केंद्रात उबवली जातात, आणि लुईझियानात तर वाढवलेल्या पिल्लांतला ठरलेला हिस्सा पुन्हा दलदलीत सोडावा लागतो. रानात शंभर अंड्यांमागे मोठी होणारी मगर विरळाच, त्यामुळे अंडी उचलल्याने संख्येला फारसा धक्का बसत नाही, मोठी मादी मारल्याने मात्र बसतो. मुख्य म्हणजे, जी दलदल भराव टाकून विकली गेली असती ती टिकून राहते, कारण आता तिच्यातून उत्पन्न येतं.

यावर आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कायदेशीर बाजार असला की चोरीचा मालही त्यातूनच उजळून निघणार. यासाठी सायटीसने टॅगची पद्धत आणली. निर्यातीच्या प्रत्येक कातड्याला एकदाच वापरता येईल असा टॅग लावायचा, त्यावर देशाचा संकेत, अनुक्रमांक, प्रजातीचा संकेत आणि वर्ष. तोडला की तो पुन्हा जोडता येत नाही. दरवर्षी दहा लाखांहून अधिक कातडी जगभर कायदेशीरपणे फिरतात, त्यांचा माग यामुळे लागतो आणि बिनटॅगचं कातडं तिथल्या तिथे संशयित ठरतं. तरीही आक्षेप पूर्ण मिटत नाही. पर्स शिवायला घेतली की टॅग निघतो, दुकानातल्या तयार वस्तूवर तो नसतो. दुसरं म्हणजे टॅग प्रजातीचं नाव सांगतो ते टॅग लावणाऱ्याच्या शब्दावर. रानातल्या संख्येची नियमित मोजणी जिथे होते तिथेच या सगळ्याला अर्थ आहे. लुईझियानात ती होते, म्हणून ते उदाहरण खरं ठरलं. मोजणी नसलेल्या देशाने त्याचा दाखला देणं ही पळवाट आहे.

सयामी मगरीची कथा हेच दाखवते. थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनामच्या पैदास केंद्रांत या मगरी लाखोंनी आहेत, आणि रानात त्या 1992 च्या सुमाराला जवळपास नामशेष मानल्या गेल्या होत्या. 2000 मध्ये कंबोडियाच्या कार्डमम डोंगररांगांत त्या पुन्हा सापडल्या, आणि 2024 मध्ये तिथेच साठ पिल्लं अंड्यांतून बाहेर आली तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. एका बाजूला लाखो आणि दुसऱ्या बाजूला साठ पिल्लांचं अप्रूप! मग केंद्रातल्या नेऊन रानात सोडल्या तर? तिथेच ओळखीचा प्रश्न आडवा येतो. लवकर वाढतात आणि कातडं सरस निघतं म्हणून या केंद्रांत सयामी आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा संकर सर्रास केला गेला. 2009 मध्ये कंबोडियातल्या फ्नोम तामाओ केंद्रातल्या 69 मगरींची जनुकीय तपासणी झाली, त्यांत शुद्ध सयामी 35 निघाल्या. नेहमीच्या सोप्या चाचणीत वापरला जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आई सयामी आणि बाप खाऱ्या पाण्यातला असेल तर त्या चाचणीत पिल्लू शुद्ध सयामी म्हणून पास होतं. पेशीकेंद्रातला डीएनएही तपासावा लागतो, तेव्हा भेसळ कळते. त्यामुळे पैदास केंद्रं वाढली की प्रजाती वाचली, हा व्यापाराच्या समर्थकांचा आवडता समज बंदीवाल्यांच्या समजाइतकाच पोकळ आहे. ज्या केंद्राचा रानाशी संबंध नाही, जे रानातल्या संख्येसाठी काही करत नाही, ते कारखाना आहे. लुईझियानाचं केंद्र आणि हे केंद्र एकाच नावाने ओळखलं जातं, ही या चर्चेतली मोठी अडचण.

मग भारताने 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिन्ही प्रजातींचा व्यापार बंद ठेवला तो चुकला का? मला तसं वाटत नाही. आपल्या मगरी लुईझियानासारख्या खासगी दलदलीत राहत नाहीत. त्या गावाच्या पाणवठ्यावर, पंपाच्या जॅकवेलशेजारी, धुण्याच्या घाटाजवळ राहतात, त्यामुळे अंड्यांचे पैसे कुणाला द्यायचे हेच तिथे ठरणार नाही. शिवाय बंदीने इथे काम केलं आहे. 1975 मध्ये सुरू झालेल्या मगर संवर्धन प्रकल्पानंतर भितरकनिकातल्या मगरी शंभराच्या आतून सतराशेच्या वर गेल्या. पण त्याच कायद्याखाली, त्याच प्रकल्पात, हजारो पिल्लं नदीत सोडूनही घडियाल सावरला नाही. 2007 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्या वेळी पैदाशीच्या वयाचे प्राणी दोनशेच्या आसपास होते, आणि त्याच हिवाळ्यात चंबळमध्ये शंभराहून जास्त घडियाल मेले. त्याचं कातडं कुणी विकत नव्हतं. धरणांनी वाहतं पाणी अडवलं, वाळूउपशाने अंडी घालायचे काठ खरवडले, मासेमारीच्या जाळ्यांत तो अडकून बुडत राहिला. तो वाहत्या नदीचा, माशांवर जगणारा प्राणी. मोठ्या वयात त्याला जमिनीवर नीट उभंही राहता येत नाही, त्यामुळे मगरीसारखा तो तळं बदलून जात नाही. तिथे केवळ व्यापारबंदीवर भिस्त ठेवणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

परदेशातल्या दुकानात मगरीच्या कातड्याचा पट्टा किंवा पर्स हातात आली तर विक्रेता ‘कायदेशीर आहे’ म्हणेल, आणि ते खरंही असू शकेल. पण टॅग तिथे नसणार आणि आपल्याकडे भिंग नसणार. प्रजातीचं शास्त्रीय नाव, मूळ देश आणि सायटीसचा कागद मागा. 2022 च्या दुरुस्तीनंतर सायटीसच्या तरतुदी आपल्या वन्यजीव कायद्यातही आल्या आहेत, त्यामुळे विमानतळावर उतरल्यावर हेच प्रश्न तुम्हालाही विचारले जाऊ शकतात. दुकानदाराला या तिन्हींची उत्तरं देता आली नाहीत, तर ती वस्तू घेऊ नका.