कयाधूचं पाणी पुरात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं! असं का होतं?

पहिला दमदार पाऊस झाला की हिंगोली शहराजवळून वाहणारी कयाधू गढूळ होते. ही माती डोळ्यांना दिसते. पण पाण्यात विरघळलेले क्षार आणि खतांमधलं नायट्रेट दिसत नाही. त्यांचं प्रमाण ठरतं ते बऱ्याच अंशी नदीच्या प्रवाहावर.

पावसाळा संपला की नदीला पाणी मिळतं ते मुख्यतः जमिनीतून झिरपून. काळ्या बेसॉल्ट खडकातून येताना हे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. प्रवाह आटून डोह उरले की उन्हामुळे पाण्याची वाफ होते, क्षार मात्र तिथेच राहतात. शहराचं सांडपाणी मिसळत असेल तर तेही पातळ व्हायला पुरेसं पाणी नसतं.

मग पूर आला की सगळं स्वच्छ होतं का? तसं नाही. क्षार पातळ होतात हे खरं. पण सोयाबीन, हळदीला टाकलेल्या युरियाचं मातीत नायट्रेट बनतं, आणि ते मातीला चिकटून राहत नाही. मुरलेल्या पाण्यासोबत ओढ्यात उतरतं.

एक गणित करून पाहू. समजा, उन्हाळ्यात सेकंदाला 100 लिटर पाणी वाहतंय आणि लिटरमागे 20 मिलिग्रॅम नायट्रेट आहे. म्हणजे सेकंदाला 2 ग्रॅम. पुरात प्रमाण 5 मिलिग्रॅमवर आलं, पण प्रवाह 1 लाख लिटर झाला, तर सेकंदाला 500 ग्रॅम! पाणी पातळ, पण वाहून जाणारा माल 250 पट. तो पुढे पैनगंगा, वर्धा, प्राणहितामार्गे गोदावरीत जातो.

संथ प्रवाहाचा एक फायदाही आहे. नदीतळाच्या वाळू-गाळात, जिथे ऑक्सिजन कमी असतो, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पण त्याला वेळ लागतो, आणि पुराचं पाणी तेवढं थांबत नाही. वाळूच उपसली तर पाणी मुरायची ही जागाही कमी होते.

त्यामुळे नदीकाठच्या विहिरीचा मे महिन्यातला रिपोर्ट ऑगस्टला लागू पडेलच असं नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, अशी दोनदा तपासणी हवी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं. जास्त नायट्रेटचा सर्वाधिक धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असतो, कारण त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. आणि हो, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, तसं त्याचं प्रमाण वाढतं.