दहा दिवसांवर आलेला यवतेश्वर घाट

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी शर्यतीच्या कित्येक महिने आधी होते आणि लवकर भरते. नाव घालताना प्रत्येकाच्या डोक्यात तीन-चार महिन्यांच्या सरावाचं वेळापत्रक तयार असतं. मग पाऊस लागतो. सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं की घाटावरचं सकाळचं धावणं बंद पडतं. घरात दुखणं निघतं, दुकानात सीझन असतो, मुलांच्या परीक्षा येतात. आणि एक दिवस फोनवर निरोप येतो की बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला अमुक तारखेला या. शर्यत दहा दिवसांवर आलेली असते आणि पायांत सराव असतो तो आठवड्यातून दोनदा, आयर्विन पुलावरून सांगलीवाडीपर्यंत जाऊन येण्याचा, नाहीतर हरिपूर रस्त्याचा.

अशा वेळी धावावं का? गेल्या महिन्याभरात एकदा तरी आठ-दहा किलोमीटर न थांबता, दुखापत न होता धावला असाल तर माझं उत्तर हो आहे. तेवढंही झालं नसेल, अंगात ताप असेल, छातीत कधी दुखलं असेल किंवा बसल्या जागी गुडघा ठणकत असेल, तर नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवू नये.

ऐनवेळी धावण्याचा आणखी एक प्रकार सर्रास चालतो. मित्राचा पाय मुरगळला म्हणून त्याचं बिब लावून आपण धावायचं. हे करू नका. बिबच्या मागची बाजू एकदा नीट बघा. तिथे रक्तगट आणि तातडीच्या संपर्काचा नंबर यांच्यासाठी जागा असते. घाटात तुम्ही चक्कर येऊन पडलात तर डॉक्टर तोच कागद उलटून वाचणार, आणि फोन मित्राच्या घरी जाणार. संयोजक अधिकृतपणे नाव बदलून देत असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर ऐनवेळी नोंदणी घेणाऱ्या लहान शर्यती सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज भागात अधूनमधून होत असतात, त्यांतली एखादी धरावी.

आता दहा दिवसांत काय होऊ शकतं ते पाहू. धावण्याने दम वाढतो तो हळूहळू. आज केलेल्या कष्टाच्या सरावाचं फळ पायांत उतरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे आज घाबरून अठरा किलोमीटर धावलात तर शर्यतीच्या दिवशी त्याचा फायदा मिळणार नाही, थकवा मात्र सोबत येईल. राहिलेला सराव भरून काढण्याचा प्रयत्न हीच ऐनवेळच्या धावपटूची सगळ्यात महागडी चूक आहे.

ऐनवेळच्या घाईचं एक जुनं उदाहरण पाहा. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये भारताकडून मॅरेथॉनला दोघे होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यती पाहून दोराबजी टाटांनी खेळाडू ऑलिम्पिकला पाठवायचं मनावर घेतलं आणि थोड्याच काळात हा चमू युरोपला निघालासुद्धा. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती आणि चौगुले एकोणिसावे आले. घाई होती ती जमवाजमवीची आणि प्रवासाची. त्यांच्या पायांत वर्षानुवर्षांचं धावणं मुरलेलं होतं. आपलं नेमकं उलट असतं. गाडी, मुक्काम, बूट सगळं सज्ज असतं आणि पाय तेवढे कच्चे असतात.

तरीही एक गोष्ट या दहा दिवसांत खरोखर कमावता येते, आणि साताऱ्याच्या वाटेवर तीच सगळ्यात उपयोगाची आहे. ती म्हणजे उतरण्याची तयारी.

या शर्यतीचा मार्ग शहरातून निघतो, समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वर घाटाला लागतो, कासच्या रस्त्याने वर जातो आणि त्याच वाटेने माघारी येतो. अंतर २१.१ किलोमीटर. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतेक चढ, दुसरा बहुतेक उतार. नवखा माणूस चढाला घाबरतो. पण त्याचे हाल होतात ते उतारावर. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलतो आणि झेलता झेलता ताणला जातो. या ताणात स्नायूंचे बारीक तंतू दुखावतात. सतराव्या-अठराव्या किलोमीटरला मांड्या थरथरू लागतात आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो, त्याचं मूळ इथे आहे.

शरीराची गंमत अशी की एकदा बेताचा उतार धावून स्नायू थोडे दुखले की पुढचे काही आठवडे तशाच ताणाने ते बरेच कमी दुखावतात. यासाठी एक सराव पुरतो. म्हणून शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी एकदा उतार शोधा. सांगली-मिरजेच्या माणसाने दंडोबाच्या डोंगरावर जावं, सातारकरांना तर घाट दारातच आहे. चालत वर चढायचं आणि दोन-तीन किलोमीटर हलक्या पावलांनी धावत उतरायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतील. शर्यतीपर्यंत त्या शांत होतात. पण हा सराव शर्यत पाच दिवसांवर आल्यानंतर करू नये.

बाकीचे दिवस सोपे आहेत. एक दिवसाआड पाच-सहा किलोमीटर, बोलता येईल इतक्या संथ वेगाने. शेवटचे दोन दिवस फक्त चालणं. झोप मात्र मनापासून घ्या, विशेषतः आदल्याच्या आदल्या रात्रीची, कारण आदल्या रात्री परक्या गावात झोप लागेलच असं नाही. सांगलीहून सातारा रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघून शर्यत गाठण्याचा बेत आखू नका, आदल्या दिवशी दुपारीच पोहोचा.

खाण्याचा बाऊ फार होतो. स्नायूंत आणि यकृतात मिळून जो साखरेचा साठा असतो, त्यातून साधारण दीड-दोन हजार कॅलरी मिळतात. सपाटीवर धावायला दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी लागते. पासष्ट किलोच्या माणसाला एकवीस किलोमीटरला सुमारे चौदाशे, चढामुळे आणखी थोड्या. म्हणजे साठा भरलेला असेल तर गाडी मुक्कामाला पोहोचते. आदल्या दिवशी भात, पोळी, बटाटा, केळी असं साधं खावं. उसळी, पालेभाज्या, तांबडा रस्सा आणि कंदी पेढे शर्यतीनंतर. सकाळी दोन-अडीच तास आधी नेहमीचं हलकं काहीतरी. नवे बूट, नवे मोजे, नवी जेल यांतलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. पावसात कपडे भिजून काखा आणि मांड्या सोलवटतात, तिथे आधीच व्हॅसलिन लावा.

शर्यत सुरू होताना ढोल-ताशे वाजत असतात, गर्दी पुढे ढकलत असते आणि पहिला किलोमीटर हमखास वेगात जातो. तिथे मागे राहा. पाच टक्क्यांच्या चढावर सपाटीचाच वेग ठेवायचा तर साधारण तीस टक्के जास्त ऊर्जा लागते. म्हणून घड्याळातल्या वेगाकडे बघू नका, श्वासाकडे बघा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर ठीक. दोन शब्दांवर धाप लागली की चाला. घाटात चालण्यात कमीपणा काहीच नाही. तीव्र चढावर तुमचं धावणं आणि दुसऱ्याचं झपझप चालणं यांच्या वेगात फारसा फरक उरत नाही, कष्टांत मात्र उरतो. मी तर म्हणेन, चढ लागल्यापासूनच चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असा ठेका धरावा. दमल्यावर चालायला लागलात तर पुन्हा धावणं अवघड जातं.

पाणी तहानेप्रमाणे प्या. पावसाळी हवेत घाम कमी जातो आणि प्रत्येक टेबलावर ग्लासभर पाणी पोटात ओतलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, मग मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते. ती वाढली तर जिवावरही बेतू शकते. मधून एखाद-दोन घोट ओआरएस पुरेसे. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेण्याची खोड फार पसरली आहे. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्यांचा भार मूत्रपिंडांवर येतो. घेऊ नका.

वळसा घालून माघारी फिरलात की खरी परीक्षा सुरू होते. दम परत आलेला असतो, रस्ता खाली ओढत असतो, आजूबाजूचे सुसाट निघालेले असतात. घाट उतरताना ट्रक खालच्या गिअरमध्ये चालवतात, तसंच इथे करायचं. पावलं लहान आणि झटपट. पाय पुढे फेकून टाच आपटू नका. पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, अंग मागे रेलू नका. वळणावर आतल्या कडेला पाणी आणि माती वाहून आलेली असते, पांढरे पट्टे तर ओले झाले की निसरडे होतात. त्या दोन्हींवरून पाऊल टाकू नका. उतरताना दुखणं सांध्यात टोचल्यासारखं, एकाच जागी आणि वाढत जाणारं असेल तर थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा. मांडीभर पसरलेली साधी वेदना असेल तर चालत-धावत पुढे जाता येतं. छातीत दाब, डोळ्यांसमोर अंधारी, पावसात थरथर किंवा बोलताना जीभ अडखळणं, यांतलं काहीही झालं तर शर्यत तिथेच संपली असं समजा.

शेवटची रेघ ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, ओले कपडे बदला, खा. सांगलीकडे परतताना गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या, कारण थकलेल्या पायाने हायवेवर क्लच-ब्रेक करणं धोक्याचं आहे. पुढचे चार-पाच दिवस फक्त चालणं. मांड्या मोकळ्या झाल्या की आठवड्यातून एक लांब धाव ठरवून टाका आणि ती पावसाळ्यातही चुकवू नका.