मळका स्पंज फेकू नका

दिवाळीची साफसफाई किंवा रंगकाम निघालं की दिवाणखान्यातली माशांची टाकी रिकामी होते. मासे बादलीत जातात, खडी नळाखाली घासली जाते, फिल्टरचा स्पंज तर पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला जातो. मग लख्ख काचेच्या, नितळ पाण्याच्या टाकीत आठवड्याभरात मासे मरू लागतात. लोक पाण्याला दोष देतात. माझ्या मते दोष त्या लख्खपणाचा असतो.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सौम्य; पाणी बदललं, वनस्पती ठेवल्या की आटोक्यात राहतं. अमोनिया मात्र कल्लेच जाळतो, आणि नायट्राइटमुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. माशाचं रक्त तपकिरी पडतं.

हे जिवाणू वेगळे काढणं एकोणिसाव्या शतकात भल्याभल्यांना जमलं नव्हतं, कारण नेहमीच्या जिलेटीनवर ते वाढतच नाहीत. 1890च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांना ते साधलं. या जिवांना सेंद्रिय अन्न नकोच असतं. अमोनिया किंवा नायट्राइटच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर ते कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवतात. म्हणून त्यांची वाढ संथ. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. नवी टाकी स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात ते यामुळेच. 2015 साली तर दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये!

जुनं पाणी जपून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. या जिवाणूंची वस्ती पाण्यात कमी आणि स्पंज, खडी, काच यांवरच्या बुळबुळीत थरात जास्त असते, आणि लख्ख घासताना तोच थर निघून जातो. टाकी बंद ठेवायची असेल तर स्पंज टाकीच्याच पाण्यात हलकेच खळबळावा आणि त्याच पाण्याच्या बादलीत एअर पंप लावून ठेवावा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना मारतो, उन्हात वाळवणंही. वीज गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो, तेव्हा तो उघडून स्पंज बाहेर काढावा आणि टाकीच्या पाण्यात ठेवावा. स्पंजचा बादलीतला मुक्काम लांबला तर अधूनमधून माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी. ते कुजून अमोनिया मिळतो. उपासमारीत हे जिवाणू लगेच मरत नाहीत, मंदावतात.

टाकी पुन्हा भरल्यावर आधी थोडेच मासे सोडावेत, खाद्य हात राखून द्यावं आणि अमोनिया-नायट्राइटची चाचणी करत राहावी. स्पंज गेलाच असेल, तर मित्राच्या चालू टाकीतला तुकडा मागावा. मात्र रोगजंतूही त्याच तुकड्यातून येतात. तेव्हा ज्याच्याकडे इतक्यात एकही मासा दगावलेला नाही, असाच मित्र शोधावा.