जेमी लॅनिस्टर: खलनायक की आणखी कोणी?

(पुस्तकं वाचायची असतील तर आधी वाचा, पुढे कथानक उघड केलं आहे.)

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये (१९९६) जेमी लहानग्या ब्रॅनला खिडकीतून खाली ढकलतो आणि ब्रॅनचे पाय कायमचे निकामी होतात. राजाचा अंगरक्षक असून त्यानेच राजा एरिसला मारलेलं, हेही आपल्याला कळतं. वाचक त्याचा द्वेष करणारच!

मात्र 'अ स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्स'मध्ये (२०००) मार्टिन पहिल्यांदा जेमीच्या नजरेतून प्रकरणं लिहितो. उजवा हात तुटलेला, तापाने फणफणलेला जेमी हॅरनहॉल किल्ल्याच्या हमामखान्यात सोबतच्या योद्धा स्त्रीला, ब्रिएनला, एरिसला मारण्याचं खरं कारण सांगतो. एरिसने राजधानीखाली वाइल्डफायर हा ज्वालाग्राही द्रव पेरून ठेवला होता आणि लाखो लोकांसकट ती जाळायचा हुकूम सोडला होता. जेमी तेव्हा १७ वर्षांचा होता. शपथ मोडून त्याने शहर वाचवलं, पण तोवर त्याबद्दल कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

पुढे तो हॅरनहॉलला परत फिरून ब्रिएनसाठी निःशस्त्र असताना अस्वलाच्या खड्ड्यात उडी घेतो. पण म्हणून तो साधुसंत होत नाही. नंतर रिव्हररनचा किल्ला मिळवायला तो तिथला सरदार एडम्यूर याच्या बाळाचा जीव घेण्याची धमकी देतो.

मला इथेच मार्टिनची ताकद दिसते. राजाला मारण्यामागचा जेमीचा हेतू कळल्यावर त्याला समजून घेता येतं, पण ब्रॅनचे पाय परत येत नाहीत. एका सत्कृत्याने जुना हिशेब मिटत नाही, माणसाला रोज नव्याने निवड करावी लागते.

तुमच्या मते जेमी क्षमेला पात्र आहे का? कमेंटमध्ये नक्की सांगा.