चाळणीत अडकलेलं प्रत्येक बाळ आजारी नसतं

बाळ दोन-तीन आठवड्यांचं होतं आणि हॉस्पिटलमधून फोन येतो: टाचेच्या रक्तात आयआरटी जास्त आलंय, घामाची चाचणी करायला या. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरात त्यानंतर काय होतं ते सांगायला नको. तिकडे आई-वडील रात्रभर मोबाइलवर ‘सिस्टिक फायब्रोसिस’ शोधत बसतात आणि इकडून आजोबा फोनवर ठासून सांगतात, “आपल्या सात पिढ्यांत असलं काही नाही!” दोन्हीकडे गैरसमजच असतो, फक्त उलट दिशेचा.

आधी आई-वडिलांची भीती. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे पेशींतून क्लोराइडची ने-आण नीट होत नाही, शरीरातले स्राव घट्ट होतात, फुफ्फुसात कफ चिकटून बसतो आणि स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात. नळ्या तुंबल्या की ट्रिप्सिनोजेन हे द्रव्य रक्तात उतरतं. टाचेच्या रक्तात तेच मोजतात, त्याचंच नाव आयआरटी. या आजाराच्या नवजात बाळांत ते वाढलेलं असतं, हे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवलं आणि टिपकागदावरच्या वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर ही तपासणी शक्य झाली. पण आयआरटी वाढायला इतरही कारणं असतात. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल, प्रसूतीत गुदमरलं असेल, किंवा सदोष जनुकाची एकच प्रत असलेलं, म्हणजे नुसतं ‘वाहक’ असेल, तरी आकडा चढतो. पहिल्या फेरीत आयआरटी जास्त आलेल्या बाळांपैकी बहुतेकांना हा आजार नसतोच.

निकाल लावते ती घामाची चाचणी. बाळाच्या हातावर पायलोकार्पिन नावाचं औषध लावून सौम्य विद्युतप्रवाहाने ते पाच-एक मिनिटं त्वचेत मुरवतात. मग तिथे येणारा घाम अर्धा तास गोळा करतात, बारीक गुंडाळीदार नळीत किंवा टिपकागदावर. सुई नाही, रक्त नाही. घामातलं क्लोराइड लिटरमागे 60 मिलिमोल किंवा जास्त आलं तर आजार धरतात, 30च्या खाली आलं तर शक्यता फार कमी. मधल्या पट्ट्यातली काही बाळं वर्षानुवर्षं नुसती नजरेखाली ठेवावी लागतात. आई-वडिलांना ही अवस्था सर्वात जास्त जाच देते, आणि तिच्यावर तोडगा नाही.

आता आजोबांच्या सात पिढ्या. दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही आले तरच आजार होतो. एकच प्रत असलेला वाहक ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 25 जणांमागे एक वाहक असतो आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घराण्यात कधी कोणी आजारी पडलेलं नसतं. दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही.

“हा गोऱ्यांचा आजार” हे तर डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं. भारतात तो युरोपपेक्षा कमी दिसतो हे खरं, पण ‘दिसतो’ या शब्दावर जोर हवा. वारंवार न्यूमोनिया, तेलकट दुर्गंधीची शी, वजन न वाढणं, अशा बाळावर आपल्याकडे आधी दमा, क्षय किंवा कुपोषण यांचाच शिक्का बसतो. उन्हाळ्यात घामावाटे मीठ निघून गेल्याने सुकलेलं, रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं तान्हं बाळ हीसुद्धा या आजाराची भारतीय ओळख आहे.

याहून धोक्याचा गैरसमज म्हणजे “स्क्रीनिंग नॉर्मल आलं, आता चिंता नाही.” बहुतेक ठिकाणी आयआरटी जास्त आलं की दुसऱ्या पायरीवर ठरावीक जनुकदोषांची यादी तपासतात. सीएफटीआरमध्ये दोन हजारांहून अधिक बदल सापडले आहेत आणि याद्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांवरून बनल्या. त्यांच्यात सर्रास आढळणारा एफ508डेल हा दोष भारतीय रुग्णांत त्या मानाने कमी. म्हणजे आपलं बाळ या यादीतून निसटायची शक्यता जास्त. कॅलिफोर्नियाने 2007 मध्ये सुरुवात करतानाच यादीनंतर अख्ख्या जनुकाचं वाचन करायची पायरी जोडली. मिश्र वंशाच्या लोकसंख्येत मला तेच शहाणपणाचं वाटतं. जन्मतःच घट्ट मलाने आतडं तुंबलेल्या काही बाळांत तर आयआरटीच वाढत नाही. तेव्हा लक्षणं असतील तर जुना ‘नॉर्मल’ कागद बाजूला ठेवून घामाची चाचणी मागायची.

“बरा होत नाही, मग लवकर कळून काय उपयोग?” या प्रश्नाला उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनने दिलं. तिथे 1985 ते 1994 या काळात जन्मलेल्या बाळांचे दोन गट चिठ्ठी टाकावी तसे पाडले. ज्यांचं निदान जन्मानंतर लगेच झालं ती मुलं अंगापिंडाने सरस वाढली. फुफ्फुसांच्या बाबतीत मात्र तितका स्पष्ट फायदा दिसला नाही. एका केंद्रात तर लवकर निदान झालेली तान्ही मुलं मोठ्या रुग्णांच्या शेजारी बसू लागली आणि त्यांना सुडोमोनास हा जंतू लवकर चिकटला. आजार स्वतः संसर्गजन्य नाही, पण एका रुग्णाच्या फुफ्फुसातला जंतू दुसऱ्याकडे जातो. नुसती चाचणी कुणाला वाचवत नाही, मागचा दवाखाना नीट हवा.

उपचार सुरू झाले म्हणून आईचं दूध बंद करायचं नसतं. स्वादुपिंड काम करत नसेल तर पाचकरसाचे दाणे चमच्यावर थोड्या फळाच्या गरात घालून दुधाआधी देतात. जोडीला मीठ, अ-ड-ई-के जीवनसत्त्वं आणि छातीचा व्यायाम. 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ट्रायकाफ्टा या औषधाने अनेकांचं आयुष्य पालटलं, पण ते ठरावीक जनुकदोषांवरच चालतं आणि किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे.

ब्रिटनमध्ये 2007 पासून आणि अमेरिकेच्या सर्व राज्यांत 2010 पर्यंत ही तपासणी सार्वत्रिक झाली. भारतात या आजारासाठी राष्ट्रीय कार्यक्रम नाही, मात्र खासगी रुग्णालयांच्या ‘नवजात पॅकेज’मध्ये आयआरटी कधीकधी असतं. पॅकेज घेताना दोनच प्रश्न विचारा: आकडा जास्त आला तर पुढची घामाची चाचणी कुठे होईल, आणि ती तिथे खरोखर होते का? आणि बाळ दोन महिन्यांच्या पुढे गेलं असेल तर आयआरटीवर पैसे घालवू नका. तोवर तो आकडा भरवशाचा राहत नाही. शंका असेल तर थेट घामाचीच चाचणी करा.