तोंडाला वास आला म्हणजे भरपाई बुडाली काय?

धानाची कापणी आटोपली की आपल्याकडच्या राइस मिल जोरात चालू होतात आणि पट्ट्यात सापडलेली बोटे घेऊन माणसे दवाखान्यात येऊ लागतात. मागे असाच एक कामगार आला. उजव्या हाताची दोन बोटे चेंदलेली. जखम उघडण्याआधीच सोबतचा मुकादम म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हा मोहाची घेऊन होता, तेवढे लिहून द्या."

'प्यायलेला' असा शब्द कागदावर पडला की भरपाई बुडाली, अशी मालकांची समजूत असते. दुर्दैवाने कामगारांचीही तीच असते, म्हणून ते अर्जच करीत नाहीत.

कायदा तसे म्हणत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यातली अट २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. कामगार त्या वेळी दारूच्या किंवा अन्य नशेच्या अमलाखाली असला पाहिजे आणि अपघात थेट त्या नशेमुळेच झालेला पाहिजे. दोन्ही गोष्टी असतील तरच मालकाची जबाबदारी टळते. पट्ट्याला जाळीच नसेल, तर शुद्धीतल्या माणसाचाही हात त्यात जाईल! शिवाय कामगार दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर नशेची सबब चालतच नाही.

आता वासाचे बघू. वास म्हणजे दारू पोटात गेली एवढेच. अंमल किती होता हे त्यावरून कळत नाही. झोकांड्या आणि अडखळते बोलणे डोक्याला मार लागल्यानेही येते, मधुमेह्याची साखर उतरल्यानेही येते. अशा रोग्याला 'पिऊन पडला आहे' म्हणून कोपऱ्यात झोपवून ठेवणे जिवावर बेतू शकते. १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की रक्त-लघवीची तपासणी नसताना नुसत्या अशा लक्षणांवरून माणूस प्यायला होता असे ठामपणे म्हणता येत नाही.

रक्त घ्यायचे तर तेही नीट घ्यावे लागते. आपल्या राज्यात दारूबंदी कायद्याखाली १९५९ चे नियम आहेत : निदान ५ सी.सी. रक्त घ्यावे, कातडी पुसायला स्पिरिट वापरू नये. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेतलेल्या नमुन्यावर उद्या वाद होणारच. वेळही महत्त्वाची, कारण रक्तातली दारू तासातासाने उतरत असते. गांजाचे उलट आहे. नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडेही सापडतो, पण अपघाताच्या घटकेला नशा होती की नाही, हे लघवी सांगत नाही. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेतलेल्याची अफूवर्गीय चाचणीही 'पॉझिटिव्ह' येते. तेव्हा घेतलेली औषधे डॉक्टरांना आधीच सांगावी.

त्या कामगाराच्या कागदावर मी वास लिहिला, तो होता. बोलणे स्पष्ट, चाल सरळ, प्रश्नांना बरोबर उत्तरे, तपासल्याची वेळ, हेही लिहिले. मुकादमाला ते रुचले नाही.

असा प्रसंग आल्यास ताबडतोब सरकारी रुग्णालयात नोंद करावी, केसपेपरची प्रत मागून घ्यावी आणि मालकाला लेखी कळवावे. दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. मालकाने स्वखर्चाने डॉक्टरांकडून तपासणी करवायची म्हटली तर विनाकारण नाही म्हणू नये, हक्क तेवढ्यापुरता अडकतो. कोऱ्या कागदावर मात्र अंगठा देऊ नये.